ह्यांच्या नावाची पॉलिसी निघालीय म्हणून फोन आला तर

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते. अक्षता सोहळा होऊन गेला होता, आमच्या बाळीवेशीतल्या घरापुढून बाराबंदी घातलेली पोरं जाताना दिसायची आणि "बोला हर्र" ऐकू आलं की ह्यांची आठवण यायची, कारण ह्यांनी चाळीस वर्षांत एक नंदीध्वज मिरवणूक चुकवली नाही. ह्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दुपारी मी शेंगा भाजत होते आणि फोन वाजला.

माणूस मराठीच बोलत होता, एकदम आदबीनं. ह्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि 1998 सालची पॉलिसी, सगळं बरोबर सांगितलं. म्हणाला मी विमा कंपनीच्या क्लेम विभागातून बोलतोय मुंबईहून, सरांनी तुम्हाला नॉमिनी ठेवून पॉलिसी काढली होती, बोनस धरून 4 लाख 60 हजार होतात, दोन वर्षं कोणी क्लेमच केला नाही, आता मार्चअखेर फाईल बंद होईल. आणि मग म्हणाला, "सरांनी तुम्हाला सांगितलं नसेल ना?"

तिथंच मी अडकले बघा. कारण हे असेच होते. अक्कलकोट रोडला एका चादर कारखान्यात हिशेब लिहायचे, पगार बेताचा, बोलणं त्याहून कमी, पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चार वर्षं कारखान्यातल्या लोकांबरोबर गुपचूप भिशी लावून मला सोन्याच्या पाटल्या केल्या होत्या आणि मला त्या दिवसापर्यंत पत्ता नाही. मग पॉलिसी काढली असेल आणि सांगितली नसेल हे मला का खोटं वाटावं? लोक म्हणतात लोभाला बळी पडले, मला पैशाचा तेवढा लोभ नव्हता हो, माझी पेन्शन मला पुरते. ह्यांनी जाता जाता माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय, एवढंच डोक्यात बसलं होतं आणि त्याच्यापुढं काही दिसेना.

पहिल्यांदा फाईल चार्ज म्हणून 12,400 मागितले. व्हॉट्सॲपवर पत्र आलं, शिक्का सही सगळं, ह्यांच्या नावात कानामात्रेची चूक नाही, ते पत्र मी देवापुढं ठेवलं होतं. आठवड्यानं जीएसटीचे 38,500. मग टीडीएस आणि एनओसीचे 61,000. प्रत्येक वेळी खातं वेगळ्या माणसाच्या नावावर, मी विचारलं तर म्हणाला आमचे ऑफिसर आहेत. तोपर्यंत मॅडमवरून तो मला आई म्हणायला लागला होता, रोज सकाळी फोन करून गोळी घेतली का विचारायचा. मुलगा पुण्यात, तो रविवारी फोन करतो. हा रोज करायचा. आणि एक सारखं सांगायचा, घरात कुणाला बोलू नका, दुसऱ्या वारसानं हरकत घेतली तर क्लेम अडकेल. आता कळतं, ज्यानं तुमच्या मुलापासून लपवायला सांगितलं तो तिथंच ओळखायला पाहिजे.

तिसऱ्यांदा एनइएफटीची स्लिप भरायला बँकेत गेले तर काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "आज्जी, कुणाला पाठवताय एवढे?" मी म्हणलं भाच्याला. ती दोनदा म्हणाली, बघा हां, आजकाल फार फसवतात. मी तिच्याशी खोटं बोलले ते मला पैशापेक्षा जास्त टोचतं.

61 हजारांनंतर अजून 85,000 मागितले तेव्हा माझ्याकडं नव्हते, पाटल्या मोडायच्या म्हणून कपाटातून काढल्या. हातात घेतल्या आणि मला मोडवेना. दोन दिवस जेवण गेलं नाही, शेवटी मुलाला फोन लावला. मला वाटलं चिडेल. तो काही बोलला नाही, रात्रीच्या गाडीनं आला.

त्यानं सगळ्यात आधी 1930 ला फोन लावला, सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि cybercrime ची जी सरकारी साईट आहे तिच्यावर तक्रार टाकली. पहिले पैसे जाऊन 19 दिवस झाले होते, शेवटच्या खात्यात 14,000 अडकवता आले, बाकी पुढं पुढं पाठवून काढून घेतलेले. पोलीस म्हणाले जुन्या पॉलिसीवाल्यांच्या याद्याच विकल्या जातात. पहिल्या दिवशी, पहिल्या तासात फोन केला असता तर पैसे बहुतेक खात्यातच थांबवता आले असते, म्हणून लाज बाजूला ठेवा आणि लगेच 1930 करा.

मुलानं मग मला समजावलं ते तुम्हालाही सांगते. खऱ्या क्लेममध्ये कंपनी तुमच्याकडून कागद मागते, मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, ओळखपत्र, कॅन्सल चेक, आणि पैसे सरळ नॉमिनीच्या खात्यात टाकते. काही कापायचं असेल तर त्यातूनच कापते, आधी भरा असं कधीच नसतं. जीएसटी कधी लागला तर हप्त्यावर, क्लेमवर नाही. आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, ती बोनस आलाय म्हणून कुणाला फोन करत नाही, शंका असेल तर त्यांचा 155255 आहे. आणि कुणाचे पडून राहिलेले पैसे असतील तर विमा कंपन्यांच्या साईटवर नाव, जन्मतारीख टाकून फुकट बघता येतं, बँकेतल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे.

तिकडं बघून झालं, कुठं काही नव्हतं. मग आम्ही ह्यांची लोखंडी ट्रंक उघडली, दोन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. लाईट बिलं, कारखान्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं साल लावून दोऱ्यानं बांधलेलं. त्यात ती पॉलिसी होती, 1998 चीच. आणि तिला टाचलेली पावती, 2009 मध्ये मोडल्याची. त्या महिन्यात माझं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मी विचारलं होतं पैसे कुठून आणले, तर म्हणाले होते मालकांनी उचल दिली. मुलगा पावती वाचत होता आणि मी ती त्याच्या हातातून घेतली, बराच वेळ दिली नाही परत.

परवा अजून एक फोन आला. ह्या वेळी बाई होती, म्हणाली मी वकील आहे, तुमचे 1 लाख 11 हजार 900 गेलेत ना, आम्ही परत मिळवून देतो, फक्त कोर्ट फी भरा. बरोबर आकडा. ज्यांनी लुटलं तेच किंवा त्यांचे भाऊबंद परत येतात हे मला माहीत नव्हतं. मी नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि मुलाला लावला, बुधवार होता, दुपारची वेळ, त्यानं ऑफिसातून उचलला.