ॲप स्टोअर कनेक्टवर नाव राखून ठेवणं : सोय मस्तच, पण तेवढ्यावर निवांत राहू नका

ॲप स्टोअर कनेक्ट म्हणजे ॲपलची ती साइट, जिथून डेव्हलपर आपली ॲप्स ॲप स्टोअरवर टाकतात. तिथे ॲप अजून अर्धवट असलं तरी नाव आधी अडकवून ठेवता येतं ही सोय मला मनापासून आवडली. न्यू ॲपवर जायचं, प्लॅटफॉर्म, नाव, भाषा, बंडल आयडी (ॲपची युनिक तांत्रिक ओळख) आणि एसकेयू (आपल्या नोंदीपुरता कोड) भरायचं, बस, बिल्ड (ॲपची तयार फाइल) अपलोड केलेलं नसलं तरी चालतं. नाव 30 अक्षरांत बसवावं लागतं, आणि आधीच कोणी घेतलं असेल तर तिथल्या तिथे एरर येतो, तुमच्याकडे ट्रेडमार्क असेल तर क्लेम करायची वाटही तिथेच दाखवतात, हे फार बरं केलंय.

गूगल प्लेवर मात्र असं काही नाही. तिथे पॅकेज नेम (ॲपची आतली तांत्रिक ओळख) तेवढं युनिक लागतं, दिसणारं नाव सारखंच असलेली दोन ॲप्स सुखाने नांदू शकतात! म्हणून खरं संरक्षण हवं असेल तर ट्रेडमार्कच, सॉफ्टवेअरसाठी क्लास 9 (ट्रेडमार्क नोंदणीतला वर्ग) आणि ऑनलाइन सर्व्हिस असेल तर 42 पण बघा, आणि हे सगळं लोगो बनवायच्या आधी करा, प्लीज. डोमेन त्याच दिवशी घेऊन टाका.

नाव राखायच्या सोयीला माझ्याकडून 5 पैकी 4.