बातमीमागचं विज्ञान कानांनी ऐकायचं असेल, तर कोणता कार्यक्रम निवडाल?

फेब्रुवारी २०२५ मध्ये '२०२४ वायआर४' या लघुग्रहाने बातम्यांत धमाल उडवून दिली होती. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. तो जिथे पडू शकेल त्या जमिनीवरच्या संभाव्य पट्ट्यात मुंबई आणि कोलकाता दोन्ही शहरं आल्यावर आपल्या वाहिन्यांना आणखी काय हवं होतं? मग आठवडाभरात शक्यता जवळजवळ शून्यावर आली आणि अनेकांनी निष्कर्ष काढून टाकला की शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं.

प्रत्यक्षात वाढत जाऊन एकदम कोसळणं, हेच अशा आकड्याचं नेहमीचं वागणं. सुरुवातीला निरीक्षणं थोडी असतात, म्हणून लघुग्रह त्या दिवशी नेमका कुठे असेल याचा अंदाज अवकाशातल्या फार लांबरुंद पट्ट्यात पसरलेला असतो. नवी निरीक्षणं येतील तसा पट्टा आखडत जातो. पृथ्वी अजून त्या पट्ट्यातच असेल, तर तिच्या वाट्याला पट्ट्याचा मोठा हिस्सा येतो आणि टक्केवारी चढते. एक दिवस पट्टा इतका अरुंद होतो की पृथ्वी त्याच्या बाहेर पडते आणि आकडा कोसळतो. म्हणजे कुणीही माघार घेतलेली नसते.

हे चित्राशिवाय, नुसत्या बोलण्यातून समजावून देणं ही रेडिओची खरी परीक्षा. इंग्रजी ऐकायला सरावलेल्या, पण आठवड्यातून एक-दोन तासच हाताशी असलेल्या श्रोत्याने काय निवडावं, हे ठरवताना मी हीच बातमी फूटपट्टी म्हणून वापरतो.

आपल्याकडच्या रेडिओत शोधायला गेलं तर वाट लवकर अडते. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात, एवढंच. त्यामुळे बातमीवर बोलण्याची सगळी जबाबदारी आकाशवाणीवर येते आणि तिच्या दहा-पंधरा मिनिटांच्या बातमीपत्रात 'का' आणि 'कसं' यांना जागा उरत नाही. म्हणून पुढची तुलना बाहेरच्या कार्यक्रमांची. सगळे मोबाइलवर फुकट ऐकता येतात.

पहिला, बीबीसी रेडिओ ४ चा 'इनसाइड सायन्स'. २०१३ साली 'मटेरियल वर्ल्ड' बंद करून त्याच्या जागी हा आला. बरीच वर्षं अनुवंशशास्त्रज्ञ ॲडम रदरफर्ड तो सादर करत, आता सादरकर्ते बदलते असतात. साधारण अठ्ठावीस मिनिटं. त्यात तीन-चार विषय, बहुतेक त्याच आठवड्याच्या बातम्यांतले. स्टुडिओत संशोधक किंवा विज्ञान-पत्रकार बोलावतात आणि एखादा विषय गुंतागुंतीचा असला की थेट विचारतात, 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' मला हा प्रश्नच सगळ्यात मोलाचा वाटतो. लघुग्रहाची बातमी यांच्या हाती दिली, तर सहा-सात मिनिटांत पट्ट्याचं गणित समजेल आणि निरीक्षणं कोणी, कुठून केली तेही कळेल. खोट एकच, पण ठळक: ब्रिटन. संशोधनाला मिळणारा सरकारी निधी, तिथल्या नद्यांचं प्रदूषण, तिथल्या विद्यापीठांच्या अडचणी यांवर बराच वेळ जातो. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल. मला मात्र विज्ञान कोणाच्या पैशावर चालतं याची चर्चा ऐकायला आवडते. आपल्याकडे ती फारशी होत नाही.

दुसरा, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा 'अनएक्सपेक्टेड एलिमेंट्स'. २०२३ पासून सुरू असलेला हा जवळपास पन्नास मिनिटांचा कार्यक्रम बातमीला चिकटून राहत नाही. बातमी घेतो ती उडी मारायला. एखादी राजकीय किंवा क्रीडा-बातमी उचलायची आणि तिथून अनपेक्षित विज्ञानाकडे जायचं, असा त्याचा बाज. वेगवेगळ्या खंडांतले विज्ञान-पत्रकार गप्पा मारतात. मुंबईच्या छवी सचदेव यांचा आवाजही त्यात ऐकू आला आहे. श्रोत्यांचे प्रश्न घेतात, थोडी थट्टामस्करी चालते. लघुग्रहाची बातमी यांच्याकडे गेली, तर टक्केवारी दोन मिनिटांत उरकून ते डायनासोरपर्यंत, तिथून पक्ष्यांपर्यंत आणि तिथून अंड्याच्या कवचापर्यंत पोचतील, असं समजायला हरकत नाही. ऐकायला मजा येते. पण 'आकडा का चढला?' हा प्रश्न घेऊन बसलेला माणूस तसाच बसून राहील.

खरी निवड या दोघांमध्येच आहे, असं माझं मत. पहिला बातमीच्या आत शिरतो, दुसरा तिच्यापासून दूर नेतो. बातम्या ऐकून डोकं उठलं असेल तर दुसरा. व्हॉट्सॲपवर काकांनी पाठवलेल्या संदेशाला उत्तर द्यायचं असेल तर पहिला. प्रवासात सोबत मुलं असतील तर विचारच करायला नको, दुसरा लावा. शेजारच्या सीटवरून कुणी तरी 'पक्षी खरंच डायनासोर आहेत का?' असं विचारलं की पुढची अर्धी वाट त्यातच सरते.

अमेरिकेचा 'सायन्स फ्रायडे' मोठ्या नावाचा. १९९१ पासून आयरा फ्लेटो यांचा आवाज त्याची ओळख आहे. परंपरेने शुक्रवारी दुपारी दोन तासांचं थेट प्रसारण, श्रोत्यांचे फोन, लांबलचक मुलाखती. आता तेच साहित्य छोट्या भागांत पॉडकास्ट म्हणूनही येतं, आणि आपल्यासाठी तेच सोयीचं, कारण थेट ऐकायचं तर उन्हाळ्यात रात्री साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्याची ताकद म्हणजे घाई नसणं. अडचण अशी की अमेरिकी औषध-मंजुरी, आरोग्य विमा, तिथली राज्यं ही पार्श्वभूमी श्रोत्याला ठाऊक आहे असं ते धरून चालतात. अवकाश आणि वैद्यक हे तुमचे आवडते विषय असतील तर जरूर ऐका. एकच कार्यक्रम निवडायचा असेल तर मी हा निवडणार नाही.

कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा 'क्वर्क्स अँड क्वार्क्स' वयाने याहून मोठा: १९७५ चा, पहिले सादरकर्ते डेव्हिड सुझुकी, १९९२ पासून बॉब मॅकडोनल्ड. इथे पत्रकार कमी बोलतो, ज्याने संशोधन केलं तोच सांगतो. भाषा स्वच्छ, वेग संथ. इंग्रजी बोलीची सवय नसलेल्यांना मी सुरुवात इथून करायला सांगेन. पण तो नव्या शोधनिबंधांच्या मागे असतो, पहिल्या पानावरच्या बातम्यांच्या नाही.

या यादीत बसत नसलेला, पण माझ्या मते सगळ्यात जास्त कामाला येणारा एक कार्यक्रम उरला: रेडिओ ४ चाच 'मोअर ऑर लेस'. २००१ साली सुरू झाला, २००७ पासून अर्थतज्ज्ञ टिम हार्फर्ड सादर करतात. त्याला विज्ञानाचा कार्यक्रम कुणी म्हणत नाही, तो बातम्यांतल्या आकड्यांची झाडाझडती घेतो. पण विज्ञानाच्या बहुतेक बातम्या आपल्यापर्यंत एखादा आकडा होऊनच पोचतात. अमुक पदार्थाने धोका दुप्पट होतो, तमुक औषधाने निम्मा होतो. मूळ धोका किती होता हे न सांगता 'दुप्पट' म्हणण्याला अर्थ नसतो: दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच. ही शंका एकदा कानात भरली की वर्तमानपत्र वाचण्याची पद्धत बदलते. वर्ल्ड सर्व्हिससाठी याची नऊ-दहा मिनिटांची छोटी आवृत्तीही निघते. सकाळी भाजी निवडताना एक भाग सहज संपतो.

तेव्हा, एकच हवा असेल तर 'इनसाइड सायन्स'. दहा मिनिटांची जागा आणखी असेल तर त्याला 'मोअर ऑर लेस'ची छोटी आवृत्ती जोडा. शिक्षक असाल आणि वर्गात गोष्ट सांगायला साहित्य हवं असेल, तर मात्र क्रम उलटा करून 'अनएक्सपेक्टेड एलिमेंट्स' आधी ठेवा, कारण नववीचा वर्ग टक्केवारीने जागा होत नाही, अंड्याच्या कवचाने होतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. बीबीसी साउंड्स हे ॲप २०२५ च्या जुलैपासून ब्रिटनबाहेर चालत नाही. जुने सल्ले वाचून ते उतरवायला जाऊ नका, हेच कार्यक्रम नेहमीच्या पॉडकास्ट ॲपवर मिळतात. आणि स्कॉटिश किंवा आयरिश पाहुणा बोलू लागला की बोलण्याचा वेग ०.८ वर आणायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. ती बिनधास्त वापरा.