क्लबची मेंबरशिप मिळवून देतो म्हणणाऱ्याला साडेअकरा लाख दिले, कृपया पूर्ण वाचा

हे लिहायला मला आठ महिने लागले. बायको आणि पुतण्या सोडून कोणाला पूर्ण माहीत नव्हतं. पण गेल्या आठवड्यात पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर साताऱ्याचे एक गृहस्थ भेटले, बोलता बोलता त्यांचंही अगदी तेच झालेलं निघालं, तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवतो, २२ वर्षं झाली. मोठी कामं मुंबईत ठरतात आणि बरीचशी ऑफिसच्या बाहेर ठरतात, हे आमच्या लाईनमधल्या सगळ्यांना माहीत आहे. एका कन्सल्टंट साहेबांनी मला एकदा दक्षिण मुंबईतल्या जुन्या क्लबात जेवायला नेलं होतं. शेजारच्या टेबलावर एक माजी मंत्री, पलीकडे दोन बिल्डर, एक रिटायर्ड सनदी अधिकारी, सगळे एकमेकांना नावानं हाक मारत होते. आपण नाही तर निदान आपली पोरं तरी अशा ठिकाणी बसावीत असं वाटलं, आणि त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये एका लग्नाच्या रिसेप्शनला हा माणूस भेटला. मंत्रालयात एका मंत्र्यांचा पीए होतो म्हणाला. बोलणं शांत, घाई अजिबात नाही, आणि माहिती तर अशी की ऐकत राहावं. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, देशातली पहिली टेस्ट मॅच १९३३ साली तिथेच झाली. दिल्ली जिमखाना १९१३ चा, सफदरजंग रोडला २७ एकरांवर, तिथे लोक ३०-३५ वर्षं वेटिंग लिस्टवर असतात, आणि एप्रिल २०२२ मध्ये एनसीएलटीनं, म्हणजे कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, सरकारला तिथे १५ डायरेक्टर नेमायची परवानगी दिली. मी नंतर एकेक गोष्ट तपासली, सगळी खरी निघाली. खोटं फक्त शेवटचं वाक्य होतं, की त्या निकालाच्या भीतीनं मुंबईतल्या क्लबांनीही आता उद्योजकांसाठी गुपचूप एक कोटा काढलाय आणि त्यातल्या दोन जागा माझ्या हातात आहेत. नव्व्याण्णव खऱ्यांत एक खोटं मिसळलं की ते वेगळं काढता येत नाही हो, निदान मला तरी आलं नाही.

मग त्यानं मला तीन वेळा आत नेलं. मला पूर्ण पाडलं ते यानंच. गेटवरचा गार्ड त्याला सलाम करायचा, वेटर 'साहेब नेहमीचं का' विचारायचा, बिलाला रोख चालत नाही म्हणून तो चिठ्ठीवर सही करायचा. रिसेप्शनला एक जाड रजिस्टर होतं त्यात माझीही सही घ्यायचे, मला वाटलं ही मेंबरशिपच्या प्रोसेसचीच सही.

पैसे असे गेले. फॉर्मचे ५० हजार यूपीआयनं, कमिटीचे म्हणून ५ लाख रोख, आणि एंट्रन्स फीचे ६ लाख आरटीजीएसनं. खात्याच्या नावात सुरुवातीला क्लबचंच नाव आणि पुढे 'मेंबर सर्व्हिसेस' असं होतं, मी पुढचं वाचलंच नाही. एप्रिल २०२४ मध्ये लेटरहेडवर प्रोव्हिजनल मेंबरशिपचं पत्र आलं, शिक्का, सही, जीएसटीची पावती सगळं. कार्ड मात्र येतंय येतंय. कधी कमिटीची मीटिंग पुढे गेली, कधी इलेक्शन, मग आचारसंहिता.

फेब्रुवारीत लग्नाचा २५ वा वाढदिवस होता म्हणून बायको आणि मुलांना घेऊन ते पत्र दाखवत थेट क्लबवर गेलो. ऑफिसातल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि काही न बोलता ते रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. माझ्या तिन्ही सह्यांपुढे एकच शब्द होता, 'गेस्ट'. आणि मला आणणाऱ्याच्या नावापुढे 'ॲफिलिएट'. म्हणजे तो या क्लबचा मेंबरच नव्हता. परराज्यातल्या एका छोट्या क्लबचा मेंबर होता, त्या दोन क्लबांचा आपसात करार आहे, त्यामुळे तिथलं पत्र दाखवून त्याला इथे येता येतं आणि गेस्ट फी भरून पाहुणेही आणता येतात. बायको म्हणाली, अहो चला, आपण बाहेर जेवू. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या बाईंचे उपकार मानतो, त्यांनी खरी पद्धत नीट समजावली. दोन जुने मेंबर तुम्हाला ओळखणारे हवेत, एक प्रपोजर एक सेकंडर, त्यांच्या सह्या फॉर्मवर लागतात, मग नाव नोटीस बोर्डावर लागतं, कोणाला हरकत असेल तर तो लिहून देतो, मग कमिटी बोलावते, बॅलट होतं. म्हणजे कोणी मेंबरशिप देतो म्हणाला तर त्याला एवढंच विचारा की माझा प्रपोजर कोण, त्याचा मेंबर नंबर काय, आणि मग स्वतः क्लबच्या ऑफिसला फोन लावा. त्यानं दिलेल्या नंबरवर नाही.

पुतण्या सीए आहे, त्यानं पावती हातात घेतली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, काका हा जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन, आणि नंबरातलं सहावं अक्षर 'पी' आहे, पी म्हणजे एखाद्या माणसाचा पॅन. क्लब असता तर कंपनीचा 'सी' असता, ट्रस्ट असता तर 'टी'. पोर्टलवर टाकल्यावर एका प्रोप्रायटरचं नाव आलं. एवढं सोपं होतं ते.

रोख ५ लाखांचा माझ्याकडे कागदच नाही. वकिलांनी सांगितलं की २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून कायद्यानं बंदीच आहे, तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम २६९ एसटी, त्यामुळे एवढी रोख मागितली तिथेच उठायला हवं होतं. पैसे जुलै २०२४ च्या, म्हणजे नवा फौजदारी कायदा लागू होण्याच्या, आधी दिले म्हणून तक्रार जुन्या ४२० खाली घेतलीय. त्या माणसाचा फोन बंद आहे.

साताऱ्याच्या त्या गृहस्थांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये नीट ठेवलेली त्यांची पावती काढली, मी माझी शेजारी ठेवली. क्लब वेगळा, तारीख वेगळी, पण पावती नंबर तोच, ०११७. तपास अधिकारी म्हणाले अजून तक्रारदार पुढे आले तर खात्यावरच्या पैशांचा माग काढायला जोर येईल. तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे असलं पत्र असेल तर लाजू नका, आज घरी गेल्यावर पावतीवरचा नंबर बघा.