ॲक्शन लो, पण सॅडल संपलेलं: जुनी अकूस्टिक गिटार घेताना

"ॲक्शन एकदम लो आहे, हवं तर मोजून घ्या," म्हणजे तारा फ्रेटांच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) अगदी जवळ आहेत, असं विकणारा स्वतःहून म्हणाला, तर आधी सॅडल बघा: बॉडीवर चिकटवलेल्या लाकडी ब्रिजमधली, तारा जिच्यावरून जातात ती छोटी पट्टी. नेक (गिटारचा दांडा) पुढे झुकून ॲक्शन वाढलेली गिटार खपवायची सर्रास रीत म्हणजे सॅडल घासून जवळजवळ ब्रिजला टेकवायचं. मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि पातळ तारेखाली दोन मिमी, म्हणजे हवं तेवढंच अंतर भरतं आणि घेणारा खूश होऊन पैसे देतो. घरी आणल्यावर आवाज बसका लागतो, कारण सॅडलवर तारेचा पुरेसा दाबच पडत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून ॲक्शन वर गेली की घासायला काही उरलेलं नसतं.

बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे 1 मिमी उतरवायला सॅडल 2 मिमी घासावं लागतं. ब्रिजच्या वर ते 3 मिमीच्या आसपास दिसायला हवं. दीडच्या खाली असेल तर सौदा सोडा. सॅडल उंच दिसलं तरी हुरळू नका, काही महाभाग ब्रिजच तासतात. ब्रिजसमोर बॉडीपासून तारेची उंची 12-13 मिमी भरते का, तेही मोजा.

खरी परीक्षा 60 सेंमीच्या स्टील पट्टीची. गिटार आधी पूर्ण सुरात आणा. 'मी एक स्वर खालीच वाजवतो' हे ऐकून घेऊ नका. एक पूर्ण स्वर उतरवला तर तारांचा ताण सुमारे 20 टक्के घटतो आणि दोष झाकला जातो. मग तिसरी-चौथी तार यांच्यामधून पट्टी फ्रेटांवर उभी ठेवून ब्रिजपर्यंत न्या. टोक ब्रिजच्या लाकडी माथ्यावर टेकलं किंवा निसटतं वरून गेलं तर नेकचा कोन ठीक. ब्रिजच्या पुढच्या कडेवर आदळलं तर नेक रिसेटचं, म्हणजे नेक सोडवून कोन दुरुस्त करण्याचं, काम आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "ट्रस रॉड थोडा फिरवला की झालं." साफ खोटं. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, नेकचा बाक कमी-जास्त करतो, बॉडीशी असलेला कोन नाही. उलट तो जास्त आवळूनही ॲक्शन खोटी उतरवतात. पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबा: सातव्यापाशी पाव मिमीची फट हवी. तार तिथे टेकलेलीच असेल तर पहिल्या चार-पाच फ्रेटांवर ती झणझणणार, आणि जवारी तंबोऱ्याला शोभते, गिटारला नाही.

बोल्टवाली नेक सुटी करून कोन दुरुस्त होतो. चिकटवलेली वाफेने सोडवावी लागते, आणि स्वस्त गिटारीत ती मजुरी गिटारच्या किमतीपेक्षा जास्त. जाता जाता ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय.

ऑनलाइन घेत असाल तर सॅडलचा बाजूने काढलेला आणि पट्टी ब्रिजवर टेकवलेला, असे दोन फोटो मागा. ते येईपर्यंत टोकन म्हणूनही पैसे पाठवू नका.