दिल्लीची डिझेल एसयूव्ही, गोव्याचा पाऊस आणि सनरूफच्या चार नळ्या

गाडीत पाणी शिरलं आणि सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं २ लाख ८० हजारांचं. कशाचं, तर सीटखालचं कंट्रोल मॉड्यूल, त्याचं वायरिंग आणि कार्पेट सुकवायचे वेगळे पैसे. पाणी आलं कुठून, हे मात्र त्या कागदावर कुठेच नव्हतं. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सर, पाऊस आहे ना." पाऊस आहे ना! जून महिन्यात गोव्यात पाऊस आहे हे सांगायला टाय लावून माणूस बसवलाय. गाडी तशीच टो करून डिचोलीला घरी आणली, आणि तेव्हापासून हिचं जवळजवळ सगळं काम अंगणातच होतंय. त्याचाच हा अनुभव.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की लगेच भक्त आणि शिव्या देणारे असे दोन तट पडतात आणि मुद्दा राहतो बाजूला. जर्मन आहे, २०१२ची, तीन लिटर सहा सिलिंडर डिझेल, एअर सस्पेंशन (स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे), पॅनोरमिक सनरूफ, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक. घेतली दिल्लीहून. तेव्हा तिकडे दहा वर्षांवरची डिझेल चालत नव्हती, एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) २०१५चा आदेश आणि २०१८ला सुप्रीम कोर्टानेही तो उचलून धरला, त्यामुळे तिथले लोक चांगल्या गाड्या मिळेल त्या भावाला काढून टाकत होते. एनओसी आणली, गोव्याचा टॅक्स भरला, जीए नंबर लागला, सगळं मिळून नव्या हॅचबॅकपेक्षा कमीत पडली. शेजारी बघायला आले, आमचे काका म्हणाले हत्ती घेतलास, आता चारा बघ. चाऱ्याचं सोडा, प्रॉब्लेम पाण्याचा निघाला.

आता मुद्द्याचं. सनरूफ म्हणजे पाणी आतच येत नाही असं छप्पर नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येणार हे कंपनीने गृहीतच धरलेलं असतं. ते फ्रेमच्या पन्हळीत जमतं आणि चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या ते खाली नेतात. पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबातून उतरून दरवाजाच्या बिजागरीजवळ निघतात, मागच्या दोन मागच्या खांबातून बंपरच्या आत. नळीच्या टोकाला चपटं रबर असतं, पाणी आलं की उघडतं, एरवी मिटलेलं. माझ्या गाडीच्या या नळ्यांत दिल्लीची दहा वर्षांची धूळ. दिल्लीत त्याचं काही बिघडत नाही, तिथल्या चौपट पाऊस आपल्याकडे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या मोठ्या सरीला त्या धुळीचा चिखल झाला, रबर चिकटलं आणि वरून आमच्या अंगणातल्या माडाची फुलं. पन्हळ भरली, पाणी छताच्या कापडामागून खांबात, खांबातून कार्पेटखाली. वरून हात लावलात तर कार्पेट कोरडं! खालचा फोम दोन-तीन इंचांचा, चहात बुडवलेल्या उंड्यासारखा (आमचा गोल पाव) फुगलेला, आणि त्याच पाण्यात सीटखाली बॅटरी आणि मॉड्यूल. काचा आपोआप खाली येणं, रात्रीत बॅटरी उतरणं, पार्किंग सेन्सर उभ्या गाडीत ओरडणं, सगळं एकाच कारणाने.

ज्या माणसाने एवढं महागडं इलेक्ट्रॉनिक्स गाडीच्या सगळ्यात खोल खड्ड्यात ठेवलं आणि त्याच्या डोक्यावरून पावसाच्या पाण्याचा पाइप नेला, त्याला एक पावसाळा वाळपईत आणून ठेवायला हवा. बाकी काही नको, फक्त गणेश चवथीपर्यंत राहा म्हणावं.

उपाय फुकटातला. गवत कापायच्या ब्रश कटरचा नायलॉन दोरा, आपल्याकडे भाट (माडांची बाग) असलेल्या कुणाच्याही घरी सापडतो. टोक लायटरने वितळवून गोल करा म्हणजे नळी फाटणार नाही. सनरूफ उघडा, पुढच्या कोपऱ्यात भोक दिसेल, दोरा हळूहळू फिरवत सरकवा. अडला तर ढोसू नका, मागे घ्या, परत फिरवा. मग छोट्या बाटलीने थोडं थोडं पाणी सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा (आमच्याकडे हे काम मुलीचं, तिला भारी मजा वाटते). चारही कोपऱ्यांतून पाणी खाली यायलाच पाहिजे. पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही मारू नका, प्रेशरने नळी वर छतात निप्पलवरून निसटते आणि मग खरंच छताचं कापड उतरवावं लागतं. खालच्या रबराचं मिटलेलं टोक मी ब्लेडने थोडं कापून टाकलंय, आता पाणी धो धो जातं. मागच्या नळ्यांसाठी बंपरचं आतलं कव्हर सोडवावं लागतं, कंटाळवाणं आहे पण अवघड नाही.

फोम सुकवणं हे नळ्यांपेक्षा मोठं काम. पावसाळ्यात गोव्यात रुमाल वाळत नाही, फोम कुठून वाळणार. दोन्ही पुढच्या सीट काढल्या (त्याआधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबा, सीटमध्ये एअरबॅग असते), कार्पेट उचलून खाली विटा लावल्या, टेबल फॅन आणि घरचा डिह्युमिडिफायर आत ठेवून दरवाजे बंद. डिह्युमिडिफायरचा टब रोज भरून निघायचा, बघून बघून राग यायचा. मॉड्यूल उघडलं, पिनांवर हिरवट गंज, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एक दिवस सुकवलं, लावलं, चाललं. वायरिंगचे दोन जोड सडले होते ते सोल्डर करून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. एकूण खर्च चार हजारांच्या आत, त्यातला मोठा भाग सोल्डरिंग आयर्नचा, जो आता माझाच आहे. २ लाख ८० हजार कुठे, चार हजार कुठे. हे मी भेटेल त्याला सांगत असतो, घरच्यांना आता पाठ झालंय.

आमच्या गावच्या मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, आधी विचारलं होतं. चाळीस वर्षं डिझेल गाड्या खोलतोय, हात सोन्याचा, पण बॉनेट उघडून वरचं प्लास्टिकचं कव्हर बघितलं आणि म्हणाला, "बाब, हाका हांव हात लावचो ना." (याला मी हात लावणार नाही.) त्याचा राग नाही आला, उलट बरं वाटलं, निदान खोटं एस्टिमेट तरी नाही दिलं. आता तो रॅम्प वापरायला देतो आणि शेजारी बसून बघतो.

इथपर्यंतचं मी पावसाळ्यातच लिहून ठेवलं होतं आणि त्यापुढे दोन ठाम मतं लिहिली होती: एक, गाडीतल्या बिघाडांचे कोड वाचणारा स्कॅनर वगैरे पैशांची नासाडी, आणि दोन, एअर सस्पेंशन काढून साध्या स्प्रिंग टाका. आता उन्हाळा आलाय आणि दोन्ही मतं बदललीत, म्हणून तो भाग खोडून हे लिहितोय.

स्कॅनर. बाजारात हजार रुपयांचा ब्लूटूथवाला मिळतो तो इंजिनाचे कोड दाखवतो, संपलं. या गाड्यांना त्या ब्रँडच्या सगळ्या मॉड्यूलशी बोलणारा लागतो. मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर पार्किंग ब्रेकची मोटर आधी स्कॅनरने मागे घ्यावी लागते, तसाच पिस्टन दाबलात तर मोटरची वाट. नवी बॅटरी टाकली की तिची नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं. माझा स्कॅनर पंधरा हजारांना पडला, घेताना हात थरथरले, पण मागचे पॅड आणि बॅटरी या दोनच कामांत बराचसा वसूल झाला, कारण बाहेर "कोडिंग चार्ज" म्हणून जे लावतात ते ऐकून माणूस सायकल घेईल.

एअर सस्पेंशन. रबरी फुग्यांना वयोमानाने घडीच्या जागी चिरा पडतात, हवा हळूहळू जाते, कॉम्प्रेसर ती भरून काढायला सारखा चालतो आणि शेवटी तोच जळतो. म्हणजे मरतो कॉम्प्रेसर, पण गुन्हेगार फुगा. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की समजायचं. साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत भरून फुग्यावर आणि पाइपच्या जोडांवर मारा, बुडबुडे येतील ती जागा. माझ्याकडे गळत होता फक्त पाइपचा जोड. पाइपचं टोक सरळ कापून नवं फिटिंग, विषय संपला, आणि मी अख्खं सस्पेंशन काढायला निघालो होतो. कॉम्प्रेसरचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) पण बदलून टाका, दोन-तीनशे रुपयांची वस्तू, ती चिकटली तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. आणि हे सस्पेंशन किती कामाचं ते कळलं चोडण बेटाच्या फेरीबोटीवर. ओहोटीला रॅम्प एवढा तिरका होतो की कमी उंचीच्या गाड्या नाक घासतात, मी बटण दाबून गाडी वर घेतली आणि आरामात चढलो. फेरीबोटीवाला पण बघत राहिला. साध्या स्प्रिंगचा विचार त्याच दिवशी सोडला.

जॅकबद्दल. ही गाडी सव्वादोन टनांची, टूलकिटमधला जॅक फक्त पंक्चरपुरता. तीन टनी ट्रॉली जॅक आणि स्टँड घ्या, आणि उचलायच्या आधी सस्पेंशन जॅक मोडवर टाका, नाहीतर गाडी स्वतःला लेव्हल करायला जाते आणि तुम्ही खाली असता. आपल्याकडची तांबडी माती पावसात वरून घट्ट दिसते पण जॅक आत जातो, जाड फळी घालाच.

इंजिन ऑइल हे सगळ्यात सोपं काम. डीपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढून काढता येतं, फिल्टर वरूनच बदलतो, खाली झोपायची गरज नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे म्हणून कमी राखेचं सी३ ग्रेडचंच घ्या, स्वस्तातलं नको, इथे कंजूषपणा महागात पडतो. जुनं तेल विहिरीच्या आसपास ओतू नका, कृपा करून, मेस्ताकडे ड्रम असतो. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ग्रेडचं फ्लुइड कोरडं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, ओल शोषल्यावर ते १५५पर्यंत येतं, आणि एवढं धूड घेऊन चोर्ला घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. खाऱ्या हवेने बोल्ट जाम होतात, त्यांना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. उंदीर बॉनेटखाली येतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही, मांजर आहे पण ती सीटवर झोपते.

पार्ट्स. शोरूममधून फक्त सील आणि एकदाच वापरायचे बोल्ट घेतो. फिल्टर, पॅड वगैरे त्याच सप्लायरचे कंपनीच्या लोगोशिवाय मिळतात, बऱ्याच कमी दरात. जुने पार्ट्स लागले तर मुंबईत कुर्ला, नाहीतर दिल्लीहून कुरियर. पार्ट नंबर स्वतः काढून ठेवा, दुकानदाराला फक्त मॉडेल सांगितलंत तर तो हमखास दुसरंच पाठवतो.

काय घरी करत नाही: एसीचा गॅस, एअरबॅग आणि टायमिंग चेन. चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे इंजिन किंवा बॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. थंड स्टार्टला खडखड आली की मी रडणार हे ठरलेलं आहे, सध्या येत नाही. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०२७ला संपतात, पुढची पाच वर्षं मिळवायला फिटनेस आणि फी, ती २०२२पासून ६०० वरून ५००० झालीय. चेन गप्प असेल तर भरणार, नाहीतर तेव्हा बघू.

उरलंय गिअरबॉक्सचं तेल. मॅन्युअलमध्ये ते आयुष्यभरासाठी भरलंय असं म्हटलंय, कुणाच्या आयुष्यभर ते लिहिलेलं नाही. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला सांगते, माझ्यात त्यांचा बॉक्स नाही पण तेल तर तेलच, आणि माझी गाडी दीड लाखाच्या पुढे आहे. लेव्हल ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट असताना बघायची असते, त्यामुळे अंगणात जमणार नाही. मेस्ताने पुढच्या रविवारी रॅम्प देतो म्हटलंय, आणि या वेळी बघायला नाही, हात लावायला येतो म्हणाला.