जीवायटी किटच्या नावाखाली माझे १४५० डॉलर गेले, जुनी यामाहा डीटी-१ बाईक दुरुस्त करणाऱ्यांनी प्लीज वाचा

हे लिहायला मला चार महिने लागले, आधी राग होता मग लाज वाटायला लागली, पण परवा मला फसवणारा माणूस तेच फोटो टाकून दुसऱ्या नावाने परत विकायला लागलेला दिसला आणि मग म्हटलं आता गप्प बसायचं नाही. आपल्यातले बरेच जण इकडे अमेरिकेत जुन्या डर्ट बाईक घेऊन उभ्या करतायत, तिकडे कोल्हापूर-पुण्यात आरएक्स १०० आणि राजदूत करणारे तर कितीतरी आहेत, त्या सगळ्यांनी वाचा.

मी मूळचा मिरजेचा, सध्या ओहायोत कोलंबसला असतो. दोन वर्षांपूर्वी एका शेतावरच्या शेडमधून १९६८ ची यामाहा डीटी-१ घेतली, १९०० डॉलरला. फ्रेमचा नंबर आणि इंजिनचा नंबर एकच, दोन्ही डीटी१ ने सुरू होणारे, टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावरही तोच, त्यामुळे गाडी खरी होती याची खात्री होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही गाडी १९६७ च्या टोकियो मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली आणि ६८ मध्ये विकायला आली, २४६ सीसी, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, पांढरी टाकी. त्याआधी अमेरिकेत मातीत गाडी चालवायची म्हणजे एकतर जड ब्रिटिश गाड्या नाहीतर महागड्या युरोपियन, यामाहाने रस्त्यावरही चालेल आणि जंगलातही जाईल अशी हलकी गाडी स्वस्तात आणली आणि लोकांच्या उड्या पडल्या.

आणि या गाडीसाठी यामाहानेच एक ऑप्शनल किट काढलं होतं, जीवायटी, म्हणजे जेन्युइन यामाहा ट्यूनिंग. त्यात वेगळा ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), वेगळं हेड (त्याचं वरचं झाकण), एकाच रिंगचा पिस्टन, मूळच्या २६ एमएमच्या जागी ३० एमएमचा मिकुनी कार्बोरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे धूर बाहेर नेणारा फुगीर पाइप. साधी गाडी वीस एचपीच्या आसपास आणि किट बसवलं की तीसच्या आसपास. ज्यांना रेस करायची ते डीलरकडून वेगळं घ्यायचे, म्हणजे हे बाजारातलं कुणाचं तरी जुगाड नाही, कंपनीचा माल आहे, आणि म्हणूनच आज ते सापडणं अवघड आणि सापडलं तर महाग. माझ्या गाडीचा ब्लॉक खराब होता, बोअर करावाच लागणार होता, म्हणजे आतून कापून मोठा, तेव्हा डोक्यात बसलं की जीवायटी मिळालं तर तेच लावू.

मग हा माणूस भेटला, ऑनलाईन. नाव लिहीत नाही, तसंही ते खरं नसणारच. पहिल्यांदा मी त्याच्याकडून फक्त फुटपेगचे रबर आणि एक क्लच केबल घेतली, चाळीस डॉलर, चार दिवसात घरी आली, अस्सल जुना माल, पॅकिंगसुद्धा व्यवस्थित. आता कळतं की तो गळ होता पण तेव्हा मला एवढंच वाटलं की चला एक भरवशाचा माणूस मिळाला. पंधरा दिवसांनी त्याचाच मेसेज, माझ्याकडे पूर्ण जीवायटी किट आहे, बंद पडलेल्या डीलरच्या गोदामातलं, न वापरलेलं, बाहेर टाकायच्या आधी तुला विचारतोय. फोटो पाठवले, यामाहाचा जुना खोका, त्यावर २१४ ने सुरू होणारा पार्ट नंबर. २१४ हा डीटी-१ चा कोड, मला तेवढं माहीत होतं आणि तेवढं माहीत असल्यामुळेच मी फसलो, कारण नंबर बरोबर दिसला की पुढचं बघायचं मी थांबवलं.

१४५० डॉलर किट आणि ६५ शिपिंग. तो म्हणाला पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठव नाहीतर फी जाते. मी पाठवले. इथे प्रत्येकाने थांबून विचार करा, गुड्स अँड सर्व्हिसेस म्हणजे खरेदीचे पैसे द्यायचा पर्याय, त्याची फी विकणाऱ्याला पडते, घेणाऱ्याला नाही, आणि फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे ओळखीच्यांना पाठवायच्या पर्यायाने, पाठवलेल्या पैशाला खरेदीचं कसलंच संरक्षण नाही. झेल या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीचंही तेच. बायकोने तेव्हाच विचारलं होतं की ज्याला आपण कधी बघितलं नाही तो आपला फ्रेंड कसा, मी म्हटलं अगं आधी एकदा माल आलाय ना. तिचं ते वाक्य मला अजून आठवतं.

पार्सल फेब्रुवारीत आलं. ब्लॉक मेणकागदात गुंडाळलेला, वरून ग्रीस थापलेलं, वाटलं किती जपून ठेवलंय. माझं खालचं इंजिन अजून उघडलेलंच होतं, क्रँक करायला दिली होती, त्यामुळे खोका तसाच गॅरेजच्या फळीवर ठेवला, तीन महिने.

मे मध्ये बाबा आले. बाबा एकतीस वर्षं मशीन शॉपला होते, लेथ, बोअरिंग, होनिंग सगळं हाताखालून गेलेलं. त्यांना कौतुकाने दाखवावं म्हणून मी तो ब्लॉक काढला. त्यांनी आधी ग्रीस पुसलं, मग चष्मा वर सरकवला, एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकात, बोट घातलं आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, अरे हे कंपनीत झालेलं काम नाही, कुणीतरी हाताने ग्राइंडर मारलाय, ही बाजू बघ आणि ती बाजू बघ. मी म्हटलं बाबा रेसिंगचं आहे, तसंच असेल. ते काही बोलले नाहीत, ब्लॉक उलटा केला आणि खालच्या काठावर नख फिरवून म्हणाले ही रेघ बघ, बाहेर ॲल्युमिनियम आणि आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळी, आहे, तू तर म्हणत होतास की याला क्रोम बोअर असतो.

खऱ्या जीवायटीच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह नसते, ॲल्युमिनियमवरच हार्ड क्रोम चढवलेलं असतं. हे मी स्वतः वाचलेलं होतं, बाबांना फोनवर मीच सांगितलं होतं आणि समोर वस्तू आल्यावर तपासलं मात्र नाही. बाबा म्हणाले मॅग्नेट आण. मी फ्रिजवरचं पन्हाळ्याचं मॅग्नेट आणलं, त्यांनी ते बोअरच्या आत टेकवलं आणि ते जागच्या जागी चिकटलं. क्रोमला किंवा ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही, बिडाला चिकटतं, एवढी साधी गोष्ट. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, बाबांसमोर डोळ्यात पाणी आलं हे पण सांगतो.

मग आम्ही दोघांनी बाकीचं सगळं तपासलं. पिस्टनला रिंगच्या दोन खाचा, म्हणजे साधा स्टँडर्ड. हेड साधंच, फक्त मशीनवर घेऊन पातळ केलेलं. चेंबरचा काळा रंग थिनरने पुसला तर आतून नवीन वेल्डिंग निघालं, पन्नास वर्षं जुन्या वस्तूवर असलं चकचकीत वेल्डिंग कुठून येणार. कार्बोरेटर नकली, अस्सल मिकुनीच्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीवर, चौकोनाची बारीक खूण असते, याच्या एकाही जेटवर नव्हती. खरा होता तो फक्त खोका. जुने रिकामे खोके वेगळे विकले जातात हे मला नंतर कळलं.

पैशापेक्षा एक गोष्ट जास्त लागली ती सांगतो. बाबा म्हणाले एक्झॉस्ट पोर्टची धार तशीच ठेवलीये, कड मोडलेली नाही, यात रिंग अडकली असती, तुटली असती. टू-स्ट्रोक वेगात जाम झालं की मागचं चाक लॉक होतं. मी ही गाडी मुलीला मागे बसवून शेताच्या रस्त्याने नेणार होतो. म्हणजे त्या माणसाने नुसता खोटा माल विकला नाही.

मी त्याला मेसेज केला. आधी म्हणाला जुना माल आहे, परत घेत नाही. मग म्हणाला मलापण असंच मिळालं होतं, मी उघडून बघितलं नाही. उघडलं नाही तर ग्राइंडर कुणी मारला, असं विचारलं तर त्याने मला मेसेजवर ब्लॉक केलं. पेपालने फ्रेंड्स अँड फॅमिली म्हणून हात वर केले, त्यात त्यांची चूक नाही, नियम तसाच आहे. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारींच्या साईटवर तक्रार केलीये, ती ऑनलाईनच होते, तुमचंही असं झालं असेल तर रक्कम छोटी असली तरी करा, मेसेज आणि फोटो आधी सेव्ह करून ठेवा कारण ब्लॉक झाल्यावर बऱ्याचदा काही दिसत नाही. पैसे परत आलेले नाहीत.

जुलैमध्ये बाबांना घेऊन मिड-ओहायोला व्हिंटेज मोटरसायकल डेजला गेलो, आमच्याकडून तासाभराचा रस्ता. तिथला जुन्या पार्टचा बाजार म्हणजे आपला पुण्याचा जुना बाजार शंभर पटीने मोठा करा, माळरानावर नुसते तंबू आणि टेबलं. एका म्हाताऱ्या माणसाच्या टेबलावर खरा जीवायटी ब्लॉक होता. बाबांनी खिशातून ते पन्हाळ्याचं मॅग्नेट काढलं आणि खुणेने विचारलं लावू का, तो हसला, म्हणाला लावा की. मॅग्नेट घसरून बाबांच्या हातात पडलं. मग तो आजोबा अर्धा तास बोलत बसला, बाबांना इंग्रजी जेमतेम येतं तरी दोघांचं छान चाललं होतं. त्याने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, जुनं क्रोम सुटायला लागतं आणि क्रोमच्या ब्लॉकला ओव्हरसाइज बोअर मारता येत नाही, म्हणून बऱ्याच लोकांनी खऱ्या जीवायटी ब्लॉकमध्येही नंतर स्लीव्ह घातलीये. म्हणजे मॅग्नेट चिकटलं की लगेच खोटंच असं नाही, पण मग विकणाऱ्याने ते आधी सांगायला पाहिजे आणि न वापरलेलं म्हणून तर विकूच नये. त्याने त्याच्या ब्लॉकमध्ये क्रोम कुठे उडालंय ते स्वतःहून टॉर्च मारून दाखवलं. मी तो घेतला नाही, पैसेच उरले नव्हते, पण प्रामाणिक विकणारा कसा बोलतो ते तिथे कळलं.

आता मी काही घ्यायचं असलं तर खोक्याचा फोटो बघतच नाही. ब्लॉक असेल तर वरून, खालून आणि पोर्टच्या आतून फोटो मागतो, सोबत कागदावर त्या दिवशीची तारीख आणि माझं नाव लिहून ठेवायला सांगतो. आतल्या भिंतीला मॅग्नेट लावतानाचा व्हिडिओ मागतो. नंबर असेल तर पहिले तीन आकडे बघून खूश होत नाही, मधले पाच बघतो, कारण यामाहाच्या नंबरात मधले पाच आकडे तो पार्ट कुठला ते सांगतात, ११३११ म्हणजे ब्लॉक, ११६३१ म्हणजे पिस्टन. माझ्या खोक्यावरचे मधले आकडे नंतर नीट वाचले तर ते ब्लॉकचे नव्हतेच. पेमेंट फक्त गुड्स अँड सर्व्हिसेस, फी मी देतो म्हणून सांगतो, आणि एवढ्यावर जर कुणी चिडलं तर तिथेच विषय संपवतो. पार्सल आलं की त्याच दिवशी उघडायचं, माझ्यासारखं फळीवर ठेवायचं नाही.

गाडी चालू झाली. जुनाच ब्लॉक इथल्या एका मशीन शॉपमध्ये पहिल्या ओव्हरसाइजला बोअर केला, मूळचा २६ चा कार्बोरेटर साफ करून लावला, पहिली किक बाबांनी मारली, चौथ्या किकला सुरू झाली. ऑगस्टमध्ये ते परत गेले.

आता त्या माणसाबद्दल. फोटोत हिरवी रबरी मॅट अंथरलेलं लाकडी टेबल असतं, मॅटचा उजवा कोपरा जळालेला, मागे निळा व्हाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा) ज्याच्या दांड्याला पिवळी टेप गुंडाळलीये. परवाच्या जाहिरातीत पण तेच टेबल, तोच व्हाइस, यावेळी १६०० डॉलर. हे टेबल दिसलं तर पैसे पाठवू नका, ब्लॉक उलटा करून खालच्या काठाचा फोटो मागा, आणि इथे खाली मला लगेच कळवा, माझ्याकडे त्याचे सगळे जुने मेसेज आहेत ते मी तक्रारीसाठी देईन.