मारुती रोडचं कटपीसचं दुकान : उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर झकास

मे महिन्यात सांगलीत पॉलिस्टरचा कुर्ता घालायचा म्हणजे घामाला आवतणच. म्हणून तयार कपड्यांच्या नादी न लागता मी मारुती रोडच्या बोळातल्या या दुकानात जाते. पाटी धड दिसत नाही. दारात ताग्यांची चळत दिसली की आत शिरायचं. माल बराचसा इचलकरंजीचा.

सुती कापड १२० रुपये मीटरपासून. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आधी विचारा. ४४ इंची असेल तर माझा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता अडीच मीटरमध्ये बाह्यांसकट बसतो, ३६ इंचीला जास्त लागतं. मी घेतलेल्या फिक्या पिस्ता कापडाच्या काठाला बारीक गडद हिरवी रेघ होती. ती शिंप्याकडून गळ्याला आणि बाह्यांना लावून घेतली, लेसचा खर्च वाचला. कापड ३००, शिलाई ३५०. मोठ्या दुकानात असला कुर्ता हजाराच्या खाली बघायला मिळाला नाही.

काका तागा उलगडायला कंटाळतात, वर "ताई, एकच घ्यायचंय ना?" असं ऐकवतात. ऐकून घ्या, पण कापड उजेडात धरून बघाच. मध्येच विरळ पट्टा निघतो कधीकधी. शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवा, सुती आटतंच. बदलून मिळत नाही. आणि गाडी लांबच लावा.